जीपीएसच्या सिग्नलवरून हवेचं तापमान खरंच मोजतात का? द्राक्षबागेला त्याचा उपयोग काय?

तुमचे प्रश्न तीन: रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसवरून वरच्या हवेचं तापमान कसं कळतं, निफाडच्या तुमच्या बागेला त्याचा उपयोग होईल का, आणि हे मोबाइलवर जमेल का. मी नाशकात डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि पिंपळगावला घरची दोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

हो, कळतं. पण तिथे थर्मामीटर नसतो. मोजतात ती फक्त वेळ, बाकी सगळं गणित.

सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर बुडालेला असतो. हवा त्याचा प्रकाश साधारण अर्धा अंश वाकवून आपल्यापर्यंत आणते. (नाशकात हे नीट दिसत नाही, पश्चिमेला अंजनेरी नि ब्रह्मगिरी आडवे येतात. डहाणूला जाऊन बघा.) रेडिओलहरीही अशाच वाकतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. रिसीव्हर बसवलेला छोटा उपग्रह पाच-आठशे किलोमीटरवरून दीडेक तासात पृथ्वीला फेरी मारतो, म्हणून त्याच्या दृष्टीने जीपीएसचे उपग्रह सतत मावळत आणि उगवत असतात. मावळतीच्या शेवटच्या एक-दोन मिनिटांत सिग्नल हवेचे थर वरून खाली एकेक करून चाटत जातो. वर विरळ हवेत त्याची वाट मिलिमीटरने लांबते, जमिनीजवळ किलोमीटरभर. दोन्ही उपग्रहांची जागा आणि वेग अचूक माहीत असतो, त्यामुळे हवा नसती तर सिग्नलची वारंवारता (सेकंदाला किती लहरी येतात ती) किती सरकली असती ते काढता येतं. प्रत्यक्षातला फरक म्हणजे हवेची करामत. त्यावरून वाकण्याचा कोन, कोनावरून घनता, आणि घनतेवरून दाब व तापमान. आयनमंडलाची (वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरांची) लुडबुड वेगळी काढायला १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ असे दोन सिग्नल ऐकतात, कारण ते थर दोघांना सारखं वाकवत नाहीत.

साधारण आठ ते तीस किलोमीटर उंचीवर हे फार छान जमतं. खाली मात्र बाष्प येतं, आणि एका समीकरणात तापमान नि बाष्प अशी दोन अज्ञातं उरतात. मग हवामानाच्या मॉडेलचा आधार घ्यावाच लागतो.

मला यातला सगळ्यात आवडता भाग रिसीव्हरचा. साधा रिसीव्हर सिग्नलला पकडून त्याच्या मागे मागे जातो. आपल्याकडच्या दमट हवेत खालच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये सिग्नल एकाच वेळी अनेक वाटांनी येतो, लुकलुकतो, आणि पकड सुटते. म्हणजे जिथे पावसाची खरी गोष्ट असते तिथेच सुरुवातीचे रिसीव्हर आंधळे होत. यावरचा उपाय कुंभमेळ्यात कळतो. रामकुंडाच्या गर्दीत पोराचा हात सुटला तर सैरावैरा धावायचं नाही, ते जिथून बाहेर पडणार तिथे जाऊन उभं राहायचं. नवे रिसीव्हर तेच करतात. कक्षा आणि सरासरी हवा धरून सिग्नल कुठे असायला हवा ते आधीच काढतात, सेकंदाला पन्नास-शंभर वेळा तिथलं सगळं कच्चं नोंदवतात, आणि कोलाहलातून सिग्नल शोधायचं काम जमिनीवरच्या संगणकावर सोडतात. उगवणाऱ्या उपग्रहासाठी तर हाच मार्ग, कारण सुटायला आधी हात धरलेलाच नसतो.

कल्पना जुनी आहे. १९६५ मध्ये नासाचं मरिनर-४ हे यान मंगळाआड गेलं तेव्हा त्याचा सिग्नल असाच वाकला आणि तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचं कळलं. पृथ्वीवर हा प्रयोग जीपीएसने १९९५ मध्ये झाला. इस्रोच्या २००९ च्या ओशनसॅट-२ वर आणि २०११ च्या मेघा-ट्रॉपिक्सवर रोझा नावाचा इटालियन रिसीव्हर होता. २०१९ मध्ये तैवान नि अमेरिकेने सोडलेले कॉस्मिक-२ चे सहा उपग्रह विषुववृत्ताशी २४ अंशांच्या कलाने फिरतात. आपलं नाशिक २० अंशांवर, म्हणजे त्यांच्या पट्ट्यात.

आता बाग. एका मोजणीत हवेचा दोनेकशे किलोमीटर लांबीचा पट्टा एकत्र मिसळलेला असतो, म्हणजे निफाड ते पार मुंबईच्या समुद्रापर्यंत. तुमच्या शिवारात गारा पडतील का हे त्यातून कळणं अशक्य. त्याची किंमत वेगळीच आहे. वेळ अणुघड्याळाची असल्यामुळे मोजमापाला वेगळं कॅलिब्रेशन लागत नाही आणि ढगांचा अडथळा येत नाही, म्हणून बाकीच्या उपग्रहांच्या चुका यावरून दुरुस्त होतात आणि तीन-चार दिवसांचा अंदाज जरा सुधारतो. फळछाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटला की डावणी या बुरशीरोगाची फवारणी आज की परवा, हे त्याच अंदाजावर ठरतं ना? पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. गेल्या हंगामात एका अ‍ॅपने कोरडं सांगितलं म्हणून मी फवारणी पुढे ढकलली, आणि रात्री पाऊस झाला. आता बागेतलं हवामान केंद्र, पानांचा ओलावा आणि रडारचं चित्र बघूनच टाकी भरतो.

मोबाइलवर हे जमणार नाही. तुम्ही जमिनीवर, हवेच्या तळाशी. कडेचा तो तिरका छेद तिथून मिळत नाही. चांगली अँटेना पक्की बसवली तर मात्र डोक्यावरची हवा सिग्नलला किती उशीर करते ते मिळतं: अंतरात मोजलं तर समुद्रसपाटीवर कोरड्या हवेचे सुमारे २.३ मीटर, वर बाष्पाचे काही सेंटिमीटर ते तीस-चाळीस. आमच्या पोरांनी गच्चीवर स्वस्त मॉड्यूल लावून प्रयत्न केला होता. आलेख रोज ठरावीक वेळी उड्या मारायचा. आठवडाभर बाष्प म्हणून नाचलो, निघालं शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून परतणारं प्रतिबिंब.