"आयुर्वेदिकच तर आहे, त्याने काय होणार?"

नौपाड्यात माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी हे विचारतंच, मॅडम झोपेच्या गोळ्या नकोत, सवय लागते, त्यापेक्षा अश्वगंधा घेऊ का? म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

घोडबंदर रोडच्या एक ताई, चाळिशीच्या, बँकेत नोकरी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, छाती धडधडते. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "औषध कुठलंच चालू नाही." तिसऱ्या भेटीत पर्समधून रुमाल काढताना एक डबी खाली पडली. अश्वगंधा. "अहो हे औषध नाही, मैत्रिणीने सांगितलं म्हणून आणलंय." आधी एक कॅप्सूल, धडधड वाढली तशी दोन, मग तीन. शिवाय सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, दहा वर्षांपासून, तीसुद्धा त्यांच्या लेखी औषध नव्हतीच!

"धडधड कधीपासून वाढली?"

बोटांवर मोजून म्हणाल्या, "गणपतीनंतर."

"आणि डबी कधी आणली?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "गणपतीतच."

मी लगेच काही बोलले नाही. मी सांगितलं असतं तर मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत घेतली असती. स्वतःच्या तोंडून आलेलंच टिकतं, इतक्या वर्षांत माझा यावरच विश्वास बसलाय. घाबरल्यासारखं होतंय म्हणून कॅप्सूल, आणि कॅप्सूलमुळेच कदाचित तसं होतंय, हे चक्र त्यांनी स्वतः पकडलं.

अश्वगंधामुळे थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन वाढलं की हे उलट खाली जातं) खूप खाली गेलेलं, कॅप्सूल बंद केली, काही आठवड्यांत धडधड उतरली.

अश्वगंधा वाईट नाही हो. मुळाच्या अर्काने सहा-आठ आठवड्यांत ताण थोडा कमी होतो, झोप थोडी सुधारते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण थोडीच. गरोदरपणात नकोच. थायरॉइड, शुगर, बीपी, झोपेची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. क्वचित लिव्हरलाही त्रास होतो, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली की तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली.

पुढच्या भेटीत ताईंनी जे जे पोटात जातं त्याची यादी कागदावर लिहून आणली. शेवटची ओळ होती, 'जेवणानंतर चिमूटभर ओवा'.