आखणी आदल्या संध्याकाळी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. "गुरुजी, चर खोदायच्या श्रमदानाला पहिल्या दिवशी सत्तर जण आले, सहाव्या दिवशी नऊ," हे तुझं फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नाही. गावाला काही पडलेलं नाही, असा अर्थ तू काढलास. मला तो पटत नाही. त्या सत्तर जणांना सकाळी आल्या आल्या काम मिळालं का, ते सांग.

आमच्या माळावर सलग समतल चर, म्हणजे उतारावरचं पाणी अडवून जिरवायला एकाच पातळीत जाणारे चर, खोदायचे होते, तेव्हा ती पातळी आखायची ए-फ्रेम फक्त मलाच जमते असं मी समजत होतो. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दोरीने लोंबता दगड. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. शाळेतल्या पोरांना जमेल एवढंच. तरी मी एकटाच पुढे चालत खुणेची चुन्याची फक्की टाकायचो आणि मागे चाळीस माणसं टिकाव टेकून उभी. ऊन चढायचं. खोदून दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो गं, ताटकळलेला येत नाही.

मग मी तापाने पडलो. चौथ्या दिवशी गेलो तर एका आजींनी फ्रेम धरलेली आणि फक्कीची रेघ टेकडीच्या अंगाने माझ्याहून नीट वळत गेलेली. म्हणाल्या, "बसा गुरुजी सावलीला." बरं वाटलं. थोडं लागलंही, खोटं कशाला बोलू!

तेव्हापासून आखणी आदल्या संध्याकाळी. चौघांना फ्रेम शिकव, त्यात दोघी बाया असू देत. माणशी तुकडा आखून ठेव. माती उताराच्या बाजूला टाकायची, हे नव्या माणसाला जुन्याने सांगावं, तू नाही. फोटो काढणाऱ्याच्याही हातात फावडं दे.

वरच्या वस्तीचे येत नाहीत म्हणतेस. येतील कशाला? चर त्यांच्या उशाला, विहिरी भरणार खालच्यांच्या! त्यांच्या ओट्यावर जाऊन बस, चहा घे, आणि पाणी आल्यावर कुणी किती उपसायचं हे टिकाव उचलण्याआधी ग्रामसभेत काढ. हिवरेबाजारात पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. नुसते चर खोदून ते गाव उभं राहिलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात तर बहुमत चालत नाही, सर्वांची संमती लागते. बैठका लांबतात, पण कुणी हरून घरी जात नाही. तुमच्या भावकीत हे लगेच जमेल असं मी म्हणत नाही. निदान हात वर करायला लावून विषय संपवू नकोस.

रविवारी येतो. माझी फ्रेम आणणार नाही, तुमचीच बघेन. दगड जरा जड बांध, माळावरच्या वाऱ्यात हलका दगड झुलतच राहतो.

तुझे,
गुरुजी