देव खरे निघाले, तरी जात कोणी ठरवायची?

मागच्या अंकात ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली म्हणून ह्या वेळचं सदर त्यावरच. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन मालिका, १९९३ ते १९९९, सात सीझन. बेजॉर नावाचा ग्रह, लोक फार धार्मिक, पन्नासेक वर्षं कार्डेशियन लोकांच्या गुलामीत काढून नुकतेच सुटलेत. जवळच अंतराळात एक वर्महोल, म्हणजे फार लांबच्या जागी झटक्यात नेणारा बोगदा, सापडतं आणि त्यात खरंच कोणीतरी राहतं, ज्यांना काल-आज-उद्या असा काळच नाही. बेजॉरचे लोक त्यांना प्रॉफेट्स म्हणतात, ते त्यांचे देव, आणि फेडरेशनवाल्यांसाठी, म्हणजे पृथ्वीसकट अनेक ग्रहांच्या संघातल्या लोकांसाठी, ते वर्महोलमधले एलियन. तिथल्या डीप स्पेस नाइन ह्या फेडरेशनच्या अंतराळ स्टेशनचा कमांडर सिस्को बाहेरचा माणूस, पण तो त्यांना भेटून येतो म्हणून बेजॉरचे लोक त्याला देवाचा दूत मानतात, त्याला ते नको असलं तरी.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे, ही मालिका रोज बघतो. परवा त्याच्या आजीने घंटाळीच्या देवीला चल म्हटलं तर म्हणाला, असले देव म्हणजे एलियनच असतात, तुम्हाला कळत नाही. आजी रडल्या. मी मालिका बंद करू का?

बंद अजिबात करू नका, उलट पहिल्या सीझनचा शेवटचा भाग त्याच्यासोबत बसून बघा. त्यात स्टेशनवरच्या शाळेत केको नावाची शिक्षिका मुलांना वर्महोलचं विज्ञान शिकवत असते, तर विन ही धर्मगुरू वर्गात येऊन म्हणते की प्रॉफेट्सचं नाव न घेता हे शिकवणं म्हणजे देवाची निंदा, मग पालक मुलांना शाळेतून काढतात आणि पुढे तर शाळाच बॉम्बने उडवली जाते. तेव्हा सिस्कोचा मुलगा जेक जवळपास तेच बोलतो जे तुमचा मुलगा आजीला बोलला, आणि सिस्को, जो स्वतः तेव्हा श्रद्धाळू नाही, तो त्याला थांबवतो. तो म्हणतो की गुलामीची सगळी वर्षं हे लोक ह्या श्रद्धेच्या जोरावर जगलेत, आणि ज्यांना उद्याचं कालच्याइतकंच स्पष्ट दिसतं त्यांना कोणी देव मानलं तर त्यात मूर्खपणा कुठे आला. पण म्हणून शाळेत काय शिकवायचं हे तो विनला ठरवू देत नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकच माणूस करतो, ते मुलाला दाखवा. देवळात जायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ओढून नेऊन काही होत नाही, पण आजीशी ज्या तऱ्हेने बोलला त्याबद्दल त्याने माफी मागायलाच हवी.

प्रश्न (नेरूळ) : मी रिटायर्ड आहे, जुनी स्टार ट्रेक पण बघितलीय. त्यात पृथ्वीवरची माणसं देवाधर्माचं नाव का घेत नाहीत?

कारण ती मालिका निर्माण करणारे जीन रॉडेनबेरी स्वतः मानवतावादी होते, भविष्यातल्या माणसाला धर्माची गरज राहणार नाही असं त्यांना वाटायचं. १९८९चा एक भाग आहे त्यात एका मागासलेल्या ग्रहावरचे लोक कॅप्टन पिकार्डलाच देव समजायला लागतात आणि तो ते कसंही करून मोडून काढतो. रॉडेनबेरी १९९१ला गेले, डीप स्पेस नाइन त्यानंतर आली, आणि मग तिथे धर्माला एवढी जागा मिळाली. मला स्वतःला ही नंतरची मालिका जास्त खरी वाटते.

प्रश्न (ऐरोली) : ताई, आम्ही बौद्ध. ऑफिसमधले आम्ही चार जण मिळून मालिका बघतो. चौथ्या सीझनमधला जातीचा भाग बघून वाद झाला. एक म्हणाला धर्म आला की जात येणारच. दुसरा म्हणाला जात वगैरे जुनं झालं, मालिकेत पण शेवटी मिटतंच ना. मला दोघांचंही पटलं नाही पण नीट बोलता आलं नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तो भाग १९९६चा. दोनशे वर्षांपूर्वी वर्महोलमध्ये हरवलेला अकोरेम लान हा नावाजलेला कवी अचानक बाहेर येतो आणि म्हणतो, खरा दूत मी. सिस्को आनंदाने ते पद त्याला देऊन टाकतो. आणि हा सभ्य, गोड बोलणारा कवी पहिली गोष्ट काय सांगतो, तर जुन्या जाती परत आणा, ज्याने त्याने आपापल्या जातीचं काम करा. त्या जाती बेजॉरने गुलामीत सोडल्या होत्या, कारण सगळ्यांनाच लढायचं होतं. किरा, स्वातंत्र्यासाठी हत्यार घेऊन लढलेली बाई, जन्माने कलाकारांच्या जातीची, हाताला कला अजिबात नाही, तरी देवाच्या दूताने सांगितलं म्हणून शिल्प करायला बसते आणि आपली नोकरी सोडायला निघते. आणि मग एक साधू दुसऱ्या साधूला जीवे मारतो, कारण तो मेलेल्यांचं क्रियाकर्म करणाऱ्या, अपवित्र मानलेल्या जातीचा असतो आणि पद सोडायला तयार नसतो. हे बघताना मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या पहिल्या मित्राला सांगा की ह्याच भागात देव जातीच्या बाजूने नाहीत. सिस्को आणि अकोरेम वर्महोलमध्ये जाऊन विचारतात तर कळतं की जाती आणायला त्याला पाठवलेलंच नव्हतं, जे होऊन गेलं ते परत येत नसतं. म्हणजे देवाच्या नावावर जात बसवली ती माणसानेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ला सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांनी निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा एक देव, मानला, पण मधला भट मानला नाही आणि जात मानली नाही. बाबासाहेबांनी १९५६ला नागपुरात जो धम्म घेतला त्यात तर जगाचा कर्ता ईश्वर मानायची गरजच ठेवली नाही. दोन वेगळे रस्ते आहेत, पण जातीशिवाय धर्म उभा करायचा प्रयत्न आपल्याच मातीत दोनदा झालाय, आणि दुसरा तर तुमच्या घरात आहे.

दुसऱ्या मित्रासाठी आपल्याच इतिहासातली एक गोष्ट. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ला ती मोडली, मग पुन्हा दुसरं महायुद्ध आलं तेव्हा १९४१ला महार रेजिमेंट. बेजॉरमध्ये तेच तर झालंय, लढाईपुरती जात बाजूला ठेवली, ती संपवायचं काम कोणी केलंच नाही, म्हणून एका प्रतिष्ठित माणसाच्या शब्दावर ती परत आली.

आणि ‘शेवटी मिटतंच ना’ ह्यावर माझं मत मालिका कितीही आवडत असली तरी कडक आहे. तिथे जात मिटते ती देवांनी नाही म्हटल्यामुळे आणि कवीला त्याच्या काळात परत पाठवल्यामुळे. सिस्को फेडरेशनचा नियम सांगतो की जातीभेद पाळणाऱ्या ग्रहाला सभासद करून घेत नाहीत, हे मला फार आवडलं, पण तो पण बाहेरून आलेला नियम. महाडला १९२७ला लोक चवदार तळ्यावर गेले ते कोणत्या देवाच्या होकाराची वाट बघून गेले नव्हते. बेजॉरवर असं कोणी उठत नाही, आणि ज्याला मारलं त्या साधूच्या जातीतलं कोणी येऊन आपली बाजू सांगत नाही. एवढ्या विचारी मालिकेत ही जागा रिकामी राहिली ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढच्या वेळी चौघं बसाल तेव्हा मित्रांना हेच विचारा, त्या साधूच्या घरच्यांनी अकोरेमला काय विचारलं असतं?