वाचक विचारतात: अंतर तेवढंच, मग जाताना जास्त वेळ का?

प्रश्न: लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि येताना मात्र सातच, असं का? पृथ्वी फिरते म्हणून का? आणि अंतर पण कुठे ५,५७० दिसतं, कुठे ३,४६० तर कुठे ३,००० च्या आसपास, यातलं खरं कुठलं?

उत्तर: तिन्ही खरे. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा, विमानवाले तोच धरतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर).

आता वेळेचं. पृथ्वी फिरते तशी तिच्याभोवतीची हवाही सोबतच फिरते, त्यामुळे पृथ्वी खालून सरकली नि विमान लवकर पोचलं असं काही होत नाही. खरा खेळ वाऱ्याचा आहे, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर अजून वाढतो. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि वारा १५०चा, तर वारा पाठीशी असताना जमिनीच्या हिशोबाने १,०५० पडतात आणि समोरून असला की ७५०च, म्हणजे तेवढंच अंतर एकीकडे सव्वापाच तासांत आणि दुसरीकडे जवळजवळ साडेसात तासांत. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही कारण पश्चिमेला जाणारी विमानं हा वारा चुकवून जातात, अटलांटिकवरचे मार्ग तर त्यासाठी रोज नव्याने आखले जातात, मला ही गोष्ट फार भारी वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं!

शिवाय टाइमटेबलमधला वेळ म्हणजे नुसता हवेतला नाही, विमान गेटवरून हललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा त्यात येतो, म्हणून अंतर भागिले वेग केलं की उत्तर नेहमी कमीच येणार.

प्रश्न: तिकिटावर लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचणार असं आहे. तीन तासांत कसं शक्य आहे?

उत्तर: दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या आहेत. न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर लंडनच्या पाच तास मागे असतं, तेव्हा तिथले दुपारचे २ म्हणजे लंडनचे संध्याकाळचे ७, झाले आठ तास. येताना उलटं, रात्री ९ ला निघून सकाळी ९ ला पोचलात तर बारा तास वाटतात पण प्रवास सातच तासांचा.

प्रश्न: विमान सरळ न जाता नकाशावर वळसा घेऊन का जातं?

उत्तर: तो वळसा नाहीच हो, पृथ्वीचा गोल घ्या, दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल तोच सगळ्यात जवळचा रस्ता, सपाट कागदावर तो वाकडा दिसतो एवढंच. खरा वळसा पडतो तो हवाई हद्द बंद झाली की. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपच्या विमानांना बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, दोन शहरांमधलं अंतर मात्र होतं तेवढंच. तेव्हा प्लॅन करताना अंतर बघू नका, तुमच्या तारखेच्या फ्लाइटचा एकूण वेळ बघा.