बोअरमध्ये फ्लोराईड निघालं, मग पाणीपट्टी का भरायची?

ताई, पांढरकवड्याकडच्या तुमच्या गावात नळाला ज्या बोअरचं पाणी येतं त्यात फ्लोराईड 3.2 निघालं, त्याच पट्ट्यातला शाळेजवळचा हापसा लाल रंगवून बंद केला पण नळ मात्र चालूच, आरओ मशीन दीड वर्षापासून कुलपात, पोरीच्या दातांवर तपकिरी पट्टे, म्हणून तुम्ही दोन वर्षं पाणीपट्टी भरली नाही आणि आता पंचायतीची नोटीस आलीय की भरा नाहीतर नळ कापू. केस करता येईल का विचारलंय. येईल. पण आधी पट्टी भरून टाका.

राग येईल, मला माहितीय. पण थकबाकी ठेवून भांडायला गेलात की समोरचा वकील फ्लोराईडवर बोलणारच नाही, तो फक्त तुमची थकबाकी दाखवत बसेल. आणि तुमचे यजमान यंदा ग्रामपंचायतीच्या सदस्यपदाला उभं राहायचं म्हणतायत ना? बिल येऊन तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याच मुद्द्यावर अपात्र ठरतात, विरोधी पॅनलला आयतं कोलीत कशाला देता. सोबत एक अर्ज द्या, की पाणी पिण्यालायक नसल्याची हरकत कायम ठेवून रक्कम भरतेय, आणि त्याच्या कॉपीवर पोच घ्या. आवक नंबर आणि शिक्का दोन्ही पाहिजे, नुसतं "बघतो" नको.

आता तो 3.2 चा आकडा. शाळेतल्या सरांनी किटवर काढला आणि वहीत लिहून दिला म्हणता. किट रंग बघून अंदाज सांगतं, कोर्टात तेवढं पुरत नाही. भूजल सर्वेक्षणच्या नाहीतर पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये नमुना द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको, फ्लोराईड काचेला लागतं. भरताना शेजारचे दोघं उभे करा, तारीख-वेळ लिहून त्यांच्या सह्या घ्या, जमलं तर मोबाईलवर शूटिंग. आयएस 10500, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, त्याप्रमाणे लिटरला 1 मिलीग्राम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे "थोडं जास्त आहे, उकळून प्या" हे ग्रामसेवकांचं बोलणं दोन्हीकडून चूक आहे, उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

खरी केस मात्र पंचायतीच्याच कपाटात आहे. माहिती अधिकारात त्या बोअरचे मागच्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल मागा, अर्जाची फी 10 रुपये. त्यात आकडा जास्त दिसला आणि तरी पंप चालू ठेवला, म्हणजे त्यांना माहीत होतं. मग "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणायला जागा राहत नाही.

कागद हातात आले की दोन रस्ते. एक, कायम लोकअदालत, पाणीपुरवठा तिथे लोकोपयोगी सेवेत येतो आणि कोर्ट फी लागत नाही. दुसरा, एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव थांबवायचा अर्ज, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. याच 133 वर 1980 साली सुप्रीम कोर्टाने रतलाम नगरपालिकेला सुनावलं होतं की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. बाई म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ शेवटी, तेही गावातले आणखी पाच-सात जण सोबत आले तर.

पोरीच्या दातांच्या भरपाईचं खोटं आश्वासन देत नाही, ते लांबचं आणि अवघड काम आहे. तरी सरकारी दवाखान्यात दात दाखवून तारखेचा कागद घेऊन ठेवा. दिरांच्या विहिरीचं पाणी सध्या पिताय ते बरं, उथळ विहिरीत बहुतेक वेळा फ्लोराईड कमी असतं, पण त्याचाही नमुना त्याच दिवशी द्या.

आणि हो, आरओच्या देखभालीचं कंत्राट माहिती अधिकाराच्या या अर्जात घुसडू नका, एका अर्जात एकच विषय चालतो आणि तोही 150 शब्दांत, त्याचा अर्ज वेगळा टाका.