निरोप कोणाकडून आला?

समाजमाध्यमे आणि घरातला संवाद यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. उत्तरे देणारे लेखक दीर्घकाळ मराठी दैनिकाच्या वृत्तविभागात काम करत आहेत.

प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरले दीर रोज घरगुती औषधांचे, मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे, बँका बुडाल्याचे संदेश पाठवतात. एखादा संदेश खोटा असल्याचे दाखवून दिले, तर ‘जसे आले तसे पाठवले’ असे उत्तर मिळते आणि पुढचे काही दिवस बोलणे बंद होते. ते वयाने मोठे आहेत. सर्वांसमोर त्यांना खोटे पाडणे मला बरे वाटत नाही. मी गप्प राहावे का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : गप्प राहू नका, मात्र चारचौघांत दुरुस्तीही करू नका. ‘जसे आले तसे पाठवले’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण वृत्तपत्रात काम केलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे निधनवार्तांचे काम होते. नातेवाइकांनी आणून दिलेल्या चिठ्ठीत नाव, वय, गाव, पश्चात परिवार आणि अंत्यविधीची वेळ असे. पण सर्वांत खाली कळवणाऱ्याचे नाव, मृताशी असलेले नाते आणि दूरध्वनी क्रमांक असावाच लागे. ती शेवटची ओळ नसेल, तर बाकीची चिठ्ठी कितीही सुवाच्य असली तरी बाजूला राही, आणि ती असेल तरी त्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री केल्याशिवाय पान सोडले जात नसे. चार ओळींच्या मजकुरासाठी एवढी दगदग कशाला, असे नव्या माणसाला वाटे. परंतु जिवंत माणसाची निधनवार्ता छापून आली तर त्या घरावर काय ओढवेल, हे एकदा मनात आले की फोन करण्याचा कंटाळा उरत नसे.

फिरत्या संदेशांत नेमकी हीच शेवटची ओळ नसते. सांगणारा कोण, त्याने ते स्वतः पाहिले का, कोठे आणि केव्हा पाहिले, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात मिळत नाही, आणि जो तो केवळ पुढे पाठवणारा असल्यामुळे त्या मजकुराची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम होता. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. दुचाकीवरून आलेले दोघे मुलाला उचलून नेतात, काही क्षणांत परत आणून सोडतात आणि मुलांना जपण्याविषयीचा फलक दाखवतात, असा तिचा क्रम होता. कोणीतरी शेवटचा भाग कापून टाकला आणि सावध करण्यासाठी केलेल्या चित्रफितीचा अपहरणाचा पुरावा झाला. पुढे पाठवणाऱ्या हजारो लोकांना मुलांची काळजीच वाटत होती, हे मी मान्य करतो. त्या काळजीपोटीच कोणी थांबले नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसते. ती खूण आपल्या दिरांना दाखवा, पण वेगळे बसून, चहाच्या वेळी. ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘हे आपल्याला कोणी पाठवले, आणि त्यांना कोठून कळले, एवढे विचाराल का?’ अशी विनंती करा. वडीलधाऱ्या माणसाला चूक दाखवण्यापेक्षा चौकशीचे काम सोपवले, तर त्याचा मान राहतो आणि चार-सहा वेळा अशी चौकशी करताना उत्तरच मिळत नाही हे त्याचे त्यालाच उमगते. याला एकच अपवाद करावा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करा असे सांगणारा संदेश आला, तर मानापमान बाजूला ठेवून त्याच ग्रुपवर, त्याच घटकेला, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध थांबवू नये’ असे स्पष्ट लिहा, कारण आपली समजूत घालून होईपर्यंत कोणीतरी गोळी टाळलेली असेल.

प्रश्न : माझे काका गेल्याचे मला कुटुंबाच्या ग्रुपवर, कोणीतरी लिहिलेल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वरून कळले. मी न्यू जर्सीत राहते. इथे पहाट होती आणि मला झोपेतून उठवायला नको, असा विचार घरच्यांनी केला. त्यांचा हेतू चांगला होता हे कळते, तरी मनातून जात नाही. माझी अपेक्षा चुकीची आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपली अपेक्षा अगदी रास्त आहे. अपघाताची बातमी देताना मृतांच्या नातेवाइकांना कळवले गेले आहे याची खातरजमा होईपर्यंत नावे थांबवून ठेवावीत, असा संकेत जबाबदार वृत्तविभागात पाळला जातो. स्पर्धेच्या दडपणाखाली तो पाळणे कठीण असते, तरीही आपला माणूस गेल्याचे कोणाला पडद्यावरच्या ओळीतून कळू नये, या एका जाणिवेपोटी वरिष्ठ तो धरून ठेवतात. जो विचार अनोळखी कुटुंबासाठी केला जातो, तो स्वतःच्या कुटुंबासाठी व्हायला हवा.

घरात मृत्यू झाला की सुचेनासे होते, हे खरे आहे. म्हणूनच क्रम आधी ठरलेला असावा. भावंडे, मुले, पुतणे, भाचे अशा जवळच्यांना प्रथम फोन करावेत, ते काम शोकात बुडालेल्या व्यक्तीने न करता एखाद्या मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने अंगावर घ्यावे, आणि सर्वांना फोन झाल्यावरच ग्रुपवर लिहावे. त्या संदेशात अंत्यविधीचे ठिकाण, वेळ आणि विचारपूस करण्यासाठी एकाच व्यक्तीचा क्रमांक द्यावा. ‘श्रद्धांजली’ लिहिण्याची घाई करणाऱ्यांनीही घरच्यांचा संदेश येईपर्यंत थांबावे.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न वेळेमुळे अधिक अवघड होतो. आपल्याकडची घड्याळे भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. भारतातली दुपार म्हणजे आपली उत्तररात्र. ‘झोपमोड नको’ हा निर्णय घरच्यांनी आपल्या वतीने घेतला, कारण आपण आपली इच्छा त्यांना कधी सांगितली नसावी. पुढच्या फोनवर ती सांगून टाका : रात्री कितीही वाजले असले तरी मला उठवा, आणि मी फोन उचलला नाही तर माझ्या नवऱ्याला किंवा शेजारच्या मैत्रिणीला लावा. त्यांचे क्रमांक भारतातल्या दोघातिघांकडे लिहून ठेवायला सांगा. काकांविषयीचे दुःखही एकदा मोकळेपणाने बोला. ज्यांनी कळवले नाही त्यांना आपल्याला काय वाटले याची बहुधा कल्पनाही नसेल.

प्रश्न : मी आमच्या गृहसंस्थेच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर गुन्हा माझ्यावर दाखल होईल का?
— डोंबिवली

उत्तर : केवळ ॲडमिन आहात म्हणून आपण दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढून टाकणे हे शेजारधर्माचे काम आहे, आणि 2022 पासून ॲडमिनला तो सर्वांसाठी पुसण्याची सोय आहे.

प्रश्न : संध्याकाळी घरात चौघे असतो आणि चौघांच्या हातांत चार मोबाइल. नियम केला की मुले म्हणतात, ‘आधी तुम्ही ठेवा’. काय करावे?
— पालक, नाशिक

उत्तर : मुले बरोबर बोलत आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून याचे उत्तर शोधले आहे. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घराघरांतले दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतात. करोनाकाळात ऑनलाइन शिक्षणासाठी मुलांच्या हाती फोन आला आणि शाळा सुरू झाल्यावरही तो सुटला नाही, ही पालकांची तक्रार त्यामागे होती. मला या उपक्रमातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो असा की, भोंगा आजोबा, आई, सरपंच आणि पाचवीतला मुलगा या सर्वांसाठी एकच वाजतो. घरी भोंग्याची गरज नाही. जेवणाची वेळ धरा, आणि पहिला फोन आपला ठेवा. कार्यालयाचा फोन येण्याची शक्यता असेल तर रिंग मोठी करून तो दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. पहिले काही दिवस जेवताना कोणाला काय बोलावे हे सुचणार नाही, आणि त्या शांततेला घाबरून नियम मोडू नका.

प्रश्न : मित्र संदेश वाचतो, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर देत नाही. हे टाळणे समजावे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तसे समजू नका. संदेश त्याच्या पडद्यावर उघडला गेला, यापलीकडे निळी खूण काहीही सांगत नाही. तो बसमध्ये होता, वर्गात होता की आजारी माणसाजवळ बसला होता, हे तिच्यातून कळत नाही. ही खूण सेटिंगमध्ये बंद करता येते, मात्र मग दुसऱ्यांच्या खुणाही आपल्याला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये ती चालूच राहते. काम निकडीचे असेल तर त्याला सरळ फोन करा. निकडीचे नसेल तर दोन दिवस जाऊ द्या आणि भेटल्यावर विचारा. आपल्याला कोणाचा मोठा संदेश आला आणि लगेच उत्तर देणे शक्य नसेल, तेव्हा मात्र ‘वाचले, रात्री सविस्तर लिहितो’ एवढे कळवा आणि रात्री खरोखर लिहा.