ट्रेडमिलचा आकडा खरा की आपला दम?

पाऊस सुरू झाला की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरची, गंगापूर रोडवरची पळणारी मंडळी ट्रेडमिलकडे वळतात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये तुमची पत्रंही त्याच विषयाची येतात. यावेळी तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, पण तो प्रश्न मलाही पंचेचाळिशीत पडला होता आणि तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं.

प्रश्न : ताई, माझं वय 46, इंदिरानगरला राहते, नोकरी बँकेत. सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर इंटरव्हल करते, 1 मिनिट पळायचं 1 मिनिट चालायचं असं आठ वेळा. डिस्प्लेवर ताशी 11.5 किलोमीटर लावते. पहिले तीन राउंड मस्त जातात, पाचव्यानंतर इतकी धाप लागते की 9.5 वर यावं लागतं. हातातलं घड्याळ मात्र सुरुवातीपासूनच 9.8 च्या पुढे जात नाही. मागच्या रविवारी उघडीप होती म्हणून बाहेर पळायला गेले तर 9 ने सुद्धा जीव मेटाकुटीला आला. मग माझा खरा स्पीड कुठला धरायचा? मुलगा म्हणतो आई तू हळू झालीस. मनाला लागलं ते.

उत्तर : ताई, आधी मुलाचं मनातून काढून टाका. तुम्ही हळू झालात की नाही हे या तीन आकड्यांवरून ना त्याला सांगता येईल ना मला, कारण तिन्ही आकडे वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

डिस्प्लेपासून सुरू करू. तिथे दिसतो तो बेल्टचा स्पीड, आणि तोही बेल्ट मोकळा फिरताना असायला हवा तो, म्हणजे तुमचं वजन पायाखाली पडल्यावर तो तेवढाच राहतो असं नाही. सोसायटीच्या जिममधली मशीन दिवसभर चालतात, बेल्ट सैल पडतो, खाली सिलिकॉन ऑइल कधी घातलंय ते कुणालाच आठवत नसतं, त्यामुळे प्रत्येक पाऊल पडलं की बेल्ट किंचित अडतो. आमच्या जिममधलं मशीन मी एकदा मोजलं. प्लग काढला, बेल्टच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली, शिंप्याची टेप घेऊन बेल्ट हाताने सरकवत सरकवत पूर्ण मोजला, 320 सेंटीमीटर भरला. मग डिस्प्लेवर 11 लावून मी पळले आणि मुलीने खाली बसून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो नंतर हळू करून पट्टी मिनिटाला किती वेळा वर येते ते आम्ही दोघींनी मोजलं. रिकामा बेल्ट 56 वेळा फिरत होता आणि मी वर असताना 52 वेळा. 52 गुणिले 3.2 म्हणजे मिनिटाला 166 मीटर, त्याला 0.06 ने गुणलं की ताशी 10 किलोमीटर. म्हणजे अख्खा एक किलोमीटर प्रति तास हवेतला! दोन वर्षं मी तो 11 वहीत लिहीत होते आणि बाहेर तेवढं पळवत नाही म्हणून खट्टू होत होते. तुम्हीही एकदा मोजाच, अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त व्हिडिओ काढणाऱ्याने हात आणि ओढणी बेल्टपासून लांब ठेवायची.

आता घड्याळ. जिमच्या आत जीपीएसचा उपयोग नसतो, तिथे घड्याळ तुमच्या हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. हात आखडून पळलात, कपाळ पुसलं, हँडल धरलं की अंदाज चुकला. घड्याळात कॅलिब्रेट करायची सोय असते ती जरूर वापरा, पण डिस्प्लेचा आकडा घालू नका, बेल्ट मोजून आलेलं अंतर घाला, नाहीतर एक चूक दुसऱ्या चुकीला शिकवल्यासारखं होईल.

आणि बाहेर जड का गेलं? बाहेर वारा कापावा लागतो, चढउतार असतो, वळणं असतात, आणि बेल्ट जसा आपसूक लय धरून ठेवतो तसं बाहेर कोणी धरून ठेवत नाही, स्पीड दर पावलाला स्वतःच राखावा लागतो. त्यात तुमचा 11.5 मुळात 10.5 च्या आसपास असेल तर फरक आणखीच वाटणार. वाऱ्यासाठी 1 टक्का चढ लावा असं सगळे सांगतात, ते 1996 च्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासावरून आलंय, पण तो अभ्यास साधारण ताशी 10.5 ते 18 किलोमीटरने पळणाऱ्यांवरचा आहे. आपल्या स्पीडला वाऱ्याचा अडथळा कमी, त्यामुळे 0 ठेवा की 1, फार डोकं लावू नका, मात्र जे ठेवाल ते रोज एकच ठेवा.

नजरेचा खेळही असतो बरं का. बाहेर झाडं, गाड्या मागे सरकत असतात त्यावरून डोळ्यांना वेग कळतो. ट्रेडमिलवर समोर भिंत असते ती जागची हलत नाही, पाय पळतायत आणि डोळे म्हणतायत आपण इथेच आहोत, म्हणून तोच स्पीड तिथे जास्त वाटतो आणि खाली उतरून चालायला लागलं की जमीन भराभर मागे जातेय असं काही क्षण वाटतं. बंद खोलीत अंगावर वाराही येत नाही, घाम सुकत नाही, नाडी चढत जाते. पंखा समोर लावा, फरक लगेच कळेल.

मग खरा स्पीड कुठला? माझं मत सांगते. जो स्पीड तुम्ही पहिल्या राउंडला लावला आणि आठव्या राउंडलाही तसाच टिकला, तो तुमचा. पहिला राउंड खोटं बोलतो. इंटरव्हल सुरू झाल्या झाल्या हृदय आणि श्वास मागेच असतात, त्यांना वर यायला मिनिटभर तरी लागतो, तोवर सगळं सोपं वाटतं आणि आपण बटण दाबत सुटतो. म्हणूनच 1 मिनिटाच्या इंटरव्हलमध्ये घड्याळातली नाडी बघून स्पीड ठरवू नका, सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा तुम्ही चालायला लागल्यावर दिसतो. शिवाय 220 वजा वय हे गणित सरासरीचं आहे, तुमच्यासाठी ते 174 येतं, 208 वजा वयाच्या 0.7 पट हे दुसरं सूत्र लावलं तर 176 येतं, पण प्रत्यक्षात माणसामाणसांत 10-12 ठोके इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे.

नाशिककरांना हे समजायला अवघड नाही. पुराच्या दिवसांत गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते मोबाइलवर येतं, पण आपण घाटावर काय विचारतो? गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. तेवढंच कळलं की पूर केवढा ते कळतं. डिस्प्लेचा आकडा म्हणजे क्युसेक समजा, आणि मारुती म्हणजे आपला श्वास. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने व्यायामासाठी नेमकी अशीच पट्टी तयार केली, किती कष्ट होतायत ते माणसाने स्वतःच आकड्यात सांगायचं, आणि ती आजही हॉस्पिटलांत वापरतात.

मी बोर्गच्या पट्टीऐवजी बेचा पाढा वापरते. पळताना मोठ्याने म्हणायचा. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा" एका श्वासात निघालं तर पाणी गुडघ्याला, हा वॉर्मअपचा स्पीड. "बे एके बे, बे दुणे" म्हणून श्वास घ्यावा लागला तर कमरेला. "बे एके बे" एवढंच निघालं तर छातीला, तुमचे 1 मिनिटाचे इंटरव्हल शेवटच्या तीन-चार राउंडला इथे असायला हवेत. आणि "बे" म्हणून पुढचा शब्दच फुटला नाही तर पाणी गळ्याला लागलं, तिथे आठव्या राउंडच्या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांतच जायचं, दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला नाही.

तर पुढच्या वेळी 11.5 सोडा, तुमच्या मशीनवर 10.3-10.5 ने सुरू करा. पहिले दोन राउंड फारच सोपे वाटतील, वाटू द्या, बटणाला हात लावू नका. आठवा संपल्यावर "अजून एक जमला असता, दोन नाही" असं वाटलं तर स्पीड बरोबर बसला. तीन जमले असते असं वाटलं तर पुढच्या आठवड्यात 0.2 वाढवा, त्याहून जास्त नाही, कारण या वयात फुप्फुसं लवकर तयार होतात पण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर मागे राहतात, आणि ती एकदा दुखावली की महिने जातात. आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस तरी ठेवून.

अजून एक करा, मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. डिस्प्लेवर नॅपकिन टाका, फक्त स्टॉपचं बटण उघडं राहील असा. मग प्लसचं बटण दाबत श्वासावरून स्पीड लावा, मनात अंदाज करा, आणि राउंड संपता संपता नॅपकिन उचलून बघा. सुरुवातीला माझा अंदाज दीड-दीड किलोमीटरने चुकायचा. वहीत दोन आकडे लिहायचे, अंदाज आणि मशीन, बाजूला झोप कशी झाली तेही, कारण आपल्या वयात रात्री घामाने दोनदा जाग आली की सकाळी तोच 10 हा 11 सारखा लागतो आणि त्या दिवशी 9.5 लावणं हेच बरोबर असतं. महिनाभरात अंदाज अर्ध्या किलोमीटरच्या आत येतो, आणि मग बाहेर जिथे डिस्प्ले नाही तिथेही तोच श्वास कामाला येतो.

आणि वेगाची तुलना करायचीच असेल तर मुलाला आपल्याच जिल्ह्यातल्या कविता राऊतचं सांगा. 2010 च्या एशियन गेम्समध्ये तिने 10,000 मीटर 32 मिनिटांच्या आत पळून रौप्यपदक आणलं, म्हणजे सरासरी ताशी 19 किलोमीटरच्या जवळ. तुमच्या जिमच्या मशीनवर त्याला एक मिनिटभर 14 लावून पळायला सांगा, पण आधी वॉर्मअप करायला लावून. त्यानंतर तो तुमच्या 10.5 बद्दल आदराने बोलेल.

प्रश्न : वय 54, गंगापूर रोड. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. टीएमटीमध्ये, म्हणजे ट्रेडमिलवरच्या हृदयाच्या तपासणीत, 9 मिनिटं पूर्ण केली, रिपोर्ट नॉर्मल. ट्रेडमिलवर कितीही जोर लावला तरी नाडी 125 च्या वर जात नाही. मी कमी पळतोय का? किती स्पीड लावू?

उत्तर : दादा, कमी पळत नाही आहात. ती गोळी बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचे ठोके दाबून धरणं हेच तिचं काम. त्यामुळे जिमच्या भिंतीवरचा नाडीचा तक्ता तुमच्यासाठी नाही, 125 चे 150 करायच्या मागे अजिबात लागू नका, आणि पळण्यासाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, अचानक थांबवलेली ही गोळी हृदयाला धोक्याची असते. तुमची पट्टी म्हणजे वर सांगितलेला पाढाच.

टीएमटीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल असतो, ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढापासून सुरुवात, दर 3 मिनिटांनी दोन्ही वाढतं. 9 मिनिटं संपताना तुम्ही 5.5 च्या स्पीडने 14 टक्के चढावर होतात. तो भार साधारण 10 मेट धरतात (1 मेट म्हणजे शांत बसल्यावर शरीराला लागते तेवढी ऊर्जा), म्हणजे सपाटीवर ताशी 10 किलोमीटरने पळण्याएवढा. पण तिथे तुम्ही जवळजवळ शेवटपर्यंत ताणलं होतं, डॉक्टर समोर होते, म्हणून तो काही तुमचा इंटरव्हलचा स्पीड नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, टेस्ट गोळी चालू ठेवून केली होती का आणि इंटरव्हल चालतील का हे दोन्ही विचारा. हो म्हणाले तर आधी महिनाभर चढावरच्या चालण्याचे इंटरव्हल करा, 5.5 चा स्पीड, 2 मिनिटं 6 टक्के चढ, 2 मिनिटं सपाट, "बे एके बे, बे दुणे" पर्यंतच दम लागेल असं. छातीत दडपल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचं, राउंड पूर्ण करायचा हट्ट नको.

प्रश्न : वय 41, सिडको. 30 सेकंदांचे इंटरव्हल करतो पण मशीनला स्पीड पकडायलाच 15-20 सेकंद जातात. म्हणून बेल्ट चालूच ठेवून कडेच्या पट्ट्यांवर पाय ठेवून उभा राहतो आणि परत उडी मारतो. चालेल का?

उत्तर : नका करू. दमलेल्या पायांनी 12 च्या बेल्टवर परत उतरताना पाय पाव सेकंद जरी चुकला तरी माणूस मागे भिरकावला जातो. मशीन हळू असेल तर इंटरव्हल 1 किंवा 2 मिनिटांचा करा आणि वेळ डिस्प्लेवर स्पीड पूर्ण आल्यावर मोजायला लागा. हँडल धरून पळत असाल तर तेही सोडा, हातावर भार गेला की 12 चा आकडा दिसत राहतो पण पाय तेवढं काम करत नाहीत. आणि ती लाल दोरीची क्लिप टी-शर्टला लावा, एकदा मुद्दाम ओढून मशीन थांबतं का ते बघा. बऱ्याच सोसायट्यांत ती क्लिप हरवलेली असते आणि त्या जागी नुसतं चुंबक चिकटवून काम चालवलेलं असतं, तसं असेल तर आधी सेक्रेटरींना सांगून क्लिप मागवा, ती येईपर्यंत चाला.